जुनी उंची मोटार : घेणे आणि सांभाळणे



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटेल. ज्याने आयुष्याची तीन तपे फळ्यासमोर घालविली आणि ज्याचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते, त्या निवृत्त मास्तराने उंची मोटारींविषयी काय बोलावे? पण हा विषय यंत्राचा आहे तितकाच अंकगणिताचाही आहे, आणि अंकगणित शिकविण्यातच माझा जन्म गेला. शिवाय मी राहतो त्या वणी गावात हा प्रश्न हल्ली वरचेवर पुढे येतो. माझे जुने विद्यार्थी घरी येतात, खिशातून कागद काढतात आणि म्हणतात, "गुरुजी, एवढा हिशेब पाहून द्या. गाडी घ्यावी की न घ्यावी?"

यामागचे कारण सांगितले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेला आमचा तालुका पूर्वी कापसाचा म्हणून ओळखला जाई. आता तो कोळशाचाही झाला आहे. उकणी, निलजई, घोन्सा, कोलार पिंपरी या परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. कोळशाच्या जमिनी सरकार 1957 च्या कायद्याने संपादन करते, आणि मोबदल्याची रक्कम शेतकऱ्याच्या हाती पडते. ज्या घरात पिढ्यानपिढ्या कापसाच्या हंगामालाच काय तो पैसा दिसत असे, त्या घराच्या बँकेतील खात्यावर एके दिवशी पुष्कळ आकडे उमटतात. अशा वेळी घरातील तरुणाला मोटारीचा मोह पडला तर त्याला दोष देता येत नाही. मात्र जमीन एकदाच विकली जाते. तो पैसा परत पेरता येत नाही. निवृत्त नोकराच्या उपदानाची आणि भविष्य निर्वाह निधीचीही गत तीच असते. म्हणून हा विषय केवळ हौसेचा राहत नाही.

प्रथम, आपण कोणत्या मोटारीविषयी बोलत आहोत ते ठरवू. आकाराने फार मोठी नाही, पण दर्जाने, वेगाने व सुखसोयींनी वरच्या पायरीची, अशा मोटारींचा एक वर्ग युरोपात मानला जातो. त्याला तिकडे 'कॉम्पॅक्ट एक्झिक्युटिव्ह' म्हणतात. कारखान्याचा व्यवस्थापक, डॉक्टर, वकील अशा मंडळींसाठी ती घडविलेली असते. बी. एम. डब्ल्यू. कंपनीची थ्री सिरीज 1975 साली निघाली. मर्सिडीझची सी-क्लास 1993 साली, आणि आउडीची ए-फोर 1994 साली. या तिन्ही गाड्या भारतातही जुळविल्या जाऊ लागल्या. मर्सिडीझचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे, आउडीने ए-फोरच्या जुळणीसाठी औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, निवडले, बी. एम. डब्ल्यू.ने 2007 साली चेन्नईजवळ काम सुरू केले. म्हणजे तीनपैकी दोन गाड्यांचे आजोळ आपल्या महाराष्ट्रातच झाले, असे म्हणता येईल.

छत्रपती संभाजीनगरचा उल्लेख आला म्हणून तेथील एक प्रसंग सांगतो. 2010 च्या ऑक्टोबर महिन्यात त्या शहरातील उद्योजकांनी व व्यावसायिकांनी एकत्र येऊन मर्सिडीझच्या सुमारे 150 लहानमोठ्या गाड्या एकाच वेळी खरेदी केल्या. एकूण किंमत 65 कोटी रुपयांच्या घरात होती. मराठवाड्यातील एका शहराने असा पराक्रम केल्याचे वर्तमानपत्रांतून सर्वत्र झळकले आणि पुष्कळांचा ऊर भरून आला. त्या दिवसाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. पुढे त्या गाड्यांचे काय झाले ते मात्र कोणी छापीत नाही. पण कायद्याचा नियम सर्वांना सारखा आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे त्या 150 पैकी ज्या गाड्या आजवर टिकल्या असतील, त्यांची नोंदणी 2025 साली संपली किंवा तिचे नूतनीकरण झाले. आणि या प्रकारची गाडी पंधरा वर्षे एकाच मालकाकडे राहणे विरळाच. पहिला मालक ती चारसहा वर्षांनी विकतो, दुसरा आणखी तीनचार वर्षांनी. आणि मग ती दलालाच्या अंगणात उभी राहून एखाद्या गावच्या तरुणाकडे पाहून हसू लागते.

हे हसूच आपण तपासायचे आहे.

समजा, एक मोटार नवी असताना पन्नास लाख रुपयांची होती. आठदहा वर्षांनी ती दहा लाखांस मिळते. त्याच दहा लाखांत एखादी साधी देशी मोटार नवी कोरी येते. विद्यार्थी मला विचारतो, "गुरुजी, दहा लाखांत पन्नास लाखांची वस्तू मिळते, यात तोटा कोठे आला?" तोटा असा, की दहा लाख ही त्या मोटारीची आजची किंमत झाली, तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र अजून पन्नास लाखांच्या मोटारीचीच आहे. गाडी जुनी झाली म्हणून तिचा दिवा स्वस्त होत नाही, टायर स्वस्त होत नाही, गिअरपेटीतील इलेक्ट्रॉनिक भाग स्वस्त होत नाही, आणि तिला हात लावू शकणाऱ्या जाणत्या कारागिराची मजुरी तर दरवर्षी वाढतच जाते. उलट जुनेपणामुळे हे भाग लागण्याचे प्रसंग अधिक येतात. म्हणजे किंमत उतरते तेव्हाच खर्च चढतो. मोटारीचे मोल उतरते, इतमाम उतरत नाही. माझ्या आजच्या भाषणाचे सार याच वाक्यात आहे. उरलेले सर्व त्याचा विस्तार होय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू या मोटारीसाठीच करून ठेविली असावी.

आता आमच्या भागातील परिस्थिती पाहा. वणीहून चहूकडे कोळशाचे अवजड ट्रक जातात. रस्त्यावरची काळी धूळ इंजिनाच्या हवेच्या गाळणीत आणि वातानुकूलनाच्या गाळणीत बसते. त्या गाळण्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बदलाव्या लागतात. या गाड्यांचे पोट जमिनीलगत असते आणि टायरची कड अरुंद असते. खड्ड्याचा धक्का रबर सोसत नाही, तो सरळ चाकाच्या कड्याला बसतो. काही गाड्यांना, विशेषतः बी. एम. डब्ल्यू.च्या पुष्कळ गाड्यांना, 'रन-फ्लॅट' जातीचे टायर असतात. हवा गेली तरी ताशी 80 किलोमीटरच्या आत वेग ठेवून सुमारे 80 किलोमीटर जाता येते, अशी त्यांची रचना असते. आणि म्हणूनच अशा पुष्कळ गाड्यांत जादा चाक दिलेले नसते. युरोपात ही सोय उत्तम. पण वणीहून नागपूर शंभरावर किलोमीटर पडते! मध्येच रात्र झाली, तर सोयीची अडचण व्हायला वेळ लागत नाही.

वैशाखातले आमचे ऊनही यंत्राचा अंत पाहणारे असते. इंजिनाभोवतीच्या पाण्याच्या नळ्या, त्यांच्या प्लास्टिकच्या जोडण्या, रबरी सांधे ही सर्व दहा वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होतात. एक जोडणी तडकली, पाणी गेले आणि चालकाने तांबड्या दिव्याकडे दुर्लक्ष करून गाडी हाकली, तर पुढे सबंध इंजिनावर बेतते. डिझेलच्या गाडीला आणखी एक पथ्य असते. धुरातील काजळी अडविण्यासाठी तिच्या नळकांड्यात एक गाळणी बसविलेली असते. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्याने सलग दौडावी लागते. जो मालक घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घरापर्यंत एवढीच फेरी करतो, त्याची ही गाळणी तुंबते. पेट्रोलच्या गाडीबाबतही चौकशी हवी. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. दहाबारा वर्षांपूर्वीच्या पुष्कळ गाड्या त्याहून कमी प्रमाणासाठी घडविलेल्या आहेत. टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस किंवा माहितीपुस्तकात काय लिहिले आहे, ते पाहूनच सौदा करावा.

विम्याविषयीही पुष्कळांचा गैरसमज असतो. गाडीचा संपूर्ण विमा आहे, म्हणजे अपघातानंतरचा सर्व खर्च कंपनी देईल, असे नाही. साध्या विम्यात रबर, प्लास्टिक यांच्या भागांवर निम्मी घट धरतात. धातूच्या भागांवरची घट गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जाते आणि दहा वर्षांनंतर तीही निम्म्यावर येते. ही घट न धरणारा जादा विमा मिळतो, पण तो बहुधा कमी वयाच्या गाड्यांनाच. म्हणजे ज्या मोटारीचे भाग सर्वांत महाग, त्याच मोटारीच्या मालकाने निम्मी रक्कम पदरची घालावी, असा हा व्यवहार आहे.

यानंतर कागदपत्रांकडे वळू. आपल्याकडे गाडीच्या काचा वाजवून पाहणारे शंभर भेटतील, पण नोंदणीपुस्तक ओळ न् ओळ वाचणारे पाचही भेटत नाहीत. पुस्तकातील चासीचा क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. मालक कितवा, हे पाहावे. बँकेचा बोजा असल्यास तो उतरविल्याचा दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म घेतल्यावाचून पैसे मोजू नयेत. मालकी बदलण्यासाठी एकोणतीस व तीस नंबरचे फॉर्म लागतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाचे असते. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. मागील मालकाने अपघात न करता मिळविलेली सवलत त्याचीच राहते. ती गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही.

विकणाऱ्यासाठीही दोन शब्द सांगतो, कारण आज घेणारा उद्या विकणारा होतोच. "सह्या केलेले फॉर्म देऊन ठेवले आहेत, दलाल नाव बदलून घेईल," असे म्हणून निश्चिंत झोपणारी भली माणसे मी पाहिली आहेत. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले, की नोंदणीपुस्तकावर ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेलेली असो, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. गाडी गेली, पैसे आले, आणि वर्षभराने दुसऱ्याच जिल्ह्यातील न्यायालयाचे बोलावणे आले, असे होऊ नये असे वाटत असेल तर नाव बदलल्याचा पुरावा हाती येईपर्यंत स्वस्थ बसू नये.

परराज्यातील गाडी स्वस्त का मिळते, हेही ध्यानात घ्यावे. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेलच्या गाड्यांवर न्यायालयांनी 2015 पासून बंधने घातली, तेव्हा तेथील पुष्कळ उंची गाड्या इतर राज्यांच्या बाजाराकडे वळल्या. अशी गाडी घ्यायची तर मूळ कार्यालयाचे ना हरकत पत्र लागते, येथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ताकर भरावा लागतो. हा कर जमेस धरला म्हणजे स्वस्ताई बरीच आटते. पंधरा वर्षे भरत आलेल्या गाडीबाबत तर विशेष सावध असावे. नूतनीकरणाचे शुल्कच 2022 च्या एप्रिलपासून 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले. शिवाय तपासणी आणि पर्यावरण कर वेगळे.

गाडी प्रत्यक्ष पाहताना काय पाहावे, याविषयी मला कारागिरांकडून कळलेल्या चार गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाची खोड कळत नाही. दुसरी, किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तो आकडा मागे नेता येतो, पण सुकाणूवरची झीज, पायाखालच्या रबराची झीज आणि चालकाच्या आसनाची बसकण मागे नेता येत नाही. कंपनीच्या कारखान्यातील देखभालीची नोंद मागवून तिच्याशी आकडा ताडावा. तिसरी, गाडी पुरात बुडालेली नाही ना, याची खात्री करावी. 23 सप्टेंबर 2023 रोजी नागपुरात एका रात्रीच्या पावसाने वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या कितीतरी मोटारी बुडाल्या. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. चिखलाचा डाग तेथे राहून जातो. गालिचा उचलून पाहावा, आसनाखालच्या पट्ट्यांवर गंज आहे का पाहावे. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या माणसाला त्याची फी देऊन संगणकासह तपासणी करवावी. जो विकणारा या तपासणीस नकार देतो, त्याने आपल्या गाडीविषयीचे प्रमाणपत्र स्वतःच दिले असे समजून परतावे. आणि सौद्यापूर्वी नव्या गाडीचा आजचा भावही विचारावा. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून मोठ्या गाड्यांवरील एकूण कर 40 टक्क्यांवर आल्याने नव्या गाड्यांचे भाव उतरले आहेत. दलाल मात्र जुनीच किंमत पुढे करून सूट मोजून दाखवितो.

इतके ऐकून आपण म्हणाल, मास्तरांनी तर या मोटारीला नाटच लावला. तसे नाही. या गाड्यांचे गुण खरे आहेत. त्यांची अंगयष्टी भक्कम असते, निसरड्या वळणावर गाडी सावरून धरणारी यंत्रणा व संकटकाळी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या यांत फार पूर्वीपासून आहेत, आसने अशी की वणीहून पुण्यापर्यंत गेलेल्या म्हाताऱ्या माणसाची पाठही तक्रार करीत नाही. चांगले यंत्र चालविण्यात एक आनंद असतो. सुरेल पेटी वाजविणाऱ्याला किंवा धारदार रंधा चालविणाऱ्या सुताराला तो ठाऊक असतो. हा आनंद श्रीमंताच्याच वाट्याला यावा, असा कोठे नियम नाही.

माझे दोन विद्यार्थी आहेत. दोघांनी जवळजवळ एकाच वयाच्या, याच वर्गातील गाड्या घेतल्या. पहिल्याने मोबदल्याच्या रकमेतून, हाती होते तेवढे सर्व पैसे गाडीत घातले. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या गिअरपेटीतील एक भाग निकामी झाला. दुरुस्तीचा अंदाज हाती आला तेव्हा तो भरण्याइतके पैसे घरात नव्हते. ती गाडी आज त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात, आणि येणारे-जाणारे विचारतात म्हणून त्याचे वडील ओसरीवर बसण्याचे टाळतात. दुसरा खाणीत नोकरीस आहे. त्याने ठरविलेल्या रकमेचे तीन वाटे केले. दोन वाट्यांत बसेल अशीच गाडी घेतली आणि तिसरा वाटा बँकेत मुदतठेवीत ठेवला. दोन वर्षांनी त्याच्याही गाडीत मोठे काम निघाले. त्याने ठेव मोडली, काम करून घेतले, आणि दुसऱ्या महिन्यापासून पुन्हा थोडे थोडे साठवू लागला. त्याची गाडी चालते आहे. दोघांच्या गाड्यांत फरक नव्हता, दोघांच्या नशिबातही फारसा नव्हता. फरक त्या तिसऱ्या वाट्याचा होता.

म्हणून माझ्याकडे हिशेब घेऊन येणाऱ्याला मी तीन प्रश्न विचारतो. या गाडीचा जाणता कारागीर तुझ्या घरापासून किती दूर आहे? गाडी महिनाभर कारखान्यात राहिली, तर तुझी कामे अडतील काय? आणि गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम तुजजवळ वेगळी शिल्लक राहते काय? तिन्ही उत्तरे मनासारखी असतील, तर त्याने खुशाल गाडी घ्यावी आणि मला एकदा वर्धा नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणावे. एकही उत्तर अडले, तर साधी नवी गाडी घ्यावी, किंवा काही दिवस एस. टी.नेच जावे. एस. टी.त बसलेल्याच्या घरावर कर्ज चढत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. मुलाने मोटारीचे नाव काढताच त्याच्यावर रागावू नका आणि त्याच्या हौसेला भुलून कोऱ्या धनादेशावर सहीही करू नका. त्याला कागद आणि पेन्सिल द्या, शेजारी बसा, आणि घेण्याच्या किमतीखाली सांभाळण्याची किंमत त्याच्याच हाताने लिहू द्या. त्या दोन आकड्यांची बेरीज त्याला एकदा स्वतः करता आली, म्हणजे पुढचा निर्णय तो आपल्याइतकाच शहाणपणाने घेईल, असा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव आहे.